मोहफुलाचा पंचनामा होत नाही

‘मराठवाड्यात जंगल आहेच कुठं? किनवट-माहूरकडं थोडंफार आहे, पण तिथल्यांना हवामान बदलाची काय झळ? मोहफूल, तेंदू झाडाला आपोआप येतं. मरतो तो शेतकरी. आणि पाऊस वाढतोय, म्हणजे जंगल फोफावणारच. आग तेवढी तेच लावतात.’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय.

जंगल कमी, हे कबूल. लातुरात तर नावालाच. पण किनवट-माहूरला सागाचं रान आहे, पैनगंगा अभयारण्य आहे, गोंड, कोलाम, आंध यांची गावं आहेत.

आता ‘आपोआप’. मोह मार्च-एप्रिलात गळतो, तोही मोजके आठवडे. बायापोरं उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली असतात. वेचलेलं फूल वाळवावं लागतं. तेंदूची, म्हणजे विडीच्या पानाची, तोडणी उन्हाळ्यातच. पानं तोडा, पुडे बांधा, फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, उन्हात टाका. नेमकं तेव्हाच अवकाळी आलं की फूल काळं पडून आंबतं, पानावर डाग धरतो, गारांनी पान फाटतं. डागी पान कोण घेणार? शेतकऱ्याला निदान दुबार पेरणी तरी करता येते. मोहाला दुबार बहर नाही.

शिवाय शेतकरी वेगळा आणि हे वेगळे, असं कुणी सांगितलं? याच घरांची कोरडवाहू कापूस-ज्वारी असते. पीक बुडालं तर रान सांभाळून घ्यायचं. दोन्ही एकाच वर्षी हातचं गेलं की बिऱ्हाड उचलून कामाला बाहेर पडायचं.

पाऊस वाढण्याचं म्हणाल, तर हवा 1 अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो. उतारावरच्या मुरमात तो मुरत नाही, माती घेऊन ओढ्याला जातो. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात पूर आला, त्यानं पुढच्या मे महिन्यातला तेंदू कसा वाचणार?

आगीचं अर्धं खरं आहे. फुलं दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा जाळतात, ते चूकच. पण रान जितकं जास्त वाळलेलं, तितकी तीच ठिणगी लांब जाते. आणि सगळंच हवामानावर ढकलायचं नाही. दुष्काळ 1972 लाही होता, मोहाची झाडंही माणसांनीच तोडली.

मग या लोकांना झळ बसतच नाही, असं का वाटतं? 2014 च्या गारपिटीसारखं संकट आलं की तलाठी शेतात येतो, पंचनामा होतो. मोह वनजमिनीवर, सातबारा नाही, पीक म्हणून नोंद नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावर, म्हणजे मोह-तेंदूसारख्या लाकूड सोडून मिळणाऱ्या रानातल्या उत्पन्नावर, मालकी दिली, पण ते भिजलं तर भरपाई मागायचा रकाना कुठल्या अर्जात आहे?