०.१ + ०.२ : एका आक्षेपाला उत्तर

फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे ठरावीक सार्थ अंक आणि घात यांच्या रूपात संख्या साठवण्याची संगणकाची पद्धत, यावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया सविस्तर आणि परखड आहे, त्याबद्दल आभार. संगणक ०.१ + ०.२ चे उत्तर नेमके ०.३ देत नाही, हे आपले उदाहरण. ‘फ्लोटिंग पॉइंटमधील प्रत्येक मूळ क्रिया नियमानुसार बरोबरच असते’ हे माझे विधान म्हणजे यंत्राच्या चुकीवर घातलेले पांघरूण आहे, संख्या दशमान अंकांतच साठवणारा दशमान प्रकार वापरला की प्रश्नच मिटतो, आणि दोन संख्या समान मानायच्या की नाही हे ठरवण्यासाठी मी सुचवलेली ०.०००००००१ ही ठरावीक मर्यादा निरुपयोगी आहे, असे आपले तीन आक्षेप आहेत. तिसरा मला मान्य आहे. पहिले दोन नाहीत.

आपलेच उदाहरण घेऊ. एक दशांशाच्या छेदात ५ हा अवयव आहे आणि द्विमान पद्धतीत केवळ २ च्या घातांचे छेद नेमके मांडता येतात. त्यामुळे ‘डबल’ या ६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट प्रकारात, जिथे सार्थ अंकांसाठी ५३ बिट मिळतात, ०.१ च्या जागी त्याहून किंचित मोठी अशी सर्वांत जवळची संख्या साठवली जाते, ०.२ चेही तसेच होते, तर ०.३ च्या जागी किंचित लहान संख्या बसते. गंमत पुढे आहे. त्या दोन किंचित मोठ्या संख्यांची खरी बेरीज शेजारशेजारच्या दोन डबल संख्यांच्या अगदी मध्यावर पडते आणि त्यांतली खालची म्हणजे नेमकी आपली ‘०.३’. अशा वेळी जिचा शेवटचा बिट शून्य आहे ती संख्या घ्यावी, असा आयईईई ७५४ या फ्लोटिंग पॉइंटच्या १९८५ च्या मानकाचा डीफॉल्ट नियम आहे. खालच्या संख्येचा शेवटचा बिट १ असल्याने उत्तर वर गेले आणि ०.३०००००००००००००००४ असे छापले गेले. बेरजेने नियम तंतोतंत पाळला. तिच्या हाती दिलेल्या संख्याच ०.१ आणि ०.२ नव्हत्या.

दशमान प्रकाराने हे उदाहरण सुटते आणि पैशांच्या हिशेबाला तो योग्यच आहे. पण पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या डेसिमल या दशमान प्रकारात १ ला ३ ने भागून पुन्हा ३ ने गुणले, तर १ मिळत नाही, दशांश चिन्हापुढे २८ नऊ मिळतात. पाया बदलला की पूर्णांकन, म्हणजे जवळच्या संख्येवर सरकवणे, दुसऱ्या अपूर्णांकांच्या वाट्याला येते, इतकेच.

प्रत्येक क्रिया बरोबर असली तरी अंतिम उत्तर विश्वासार्ह असेलच असे नाही, हे मात्र मी लेखात ठळकपणे सांगायला हवे होते. क्ष² − १००००००००क्ष + १ = ० हे समीकरण नेहमीच्या सूत्राने डबलमध्ये सोडवून पाहावे. विवेचकाचे वर्गमूळ दहा कोटींपेक्षा सुमारे ०.०००००००२ इतके कमी आहे. पण त्या परिसरात लगतच्या दोन डबल संख्यांमधले अंतरच सुमारे ०.०००००००१५ असल्याने वर्गमूळ जवळच्या संख्येवर सरकते. मग दहा कोटींतून ते वजा करून निम्मे केले की लहान मूळ ०.०००००००१ ऐवजी सुमारे ०.००००००००७४५ येते, म्हणजे जवळपास पंचवीस टक्क्यांची चूक. दोष वजाबाकीला द्यावासा वाटतो, पण ती येथे अचूक असते. वर्गमुळात आधीच झालेली बारीकशी चूक तिने फक्त उघडी पाडली. दोन्ही मुळांचा गुणाकार १ आहे हे लक्षात घेऊन आधी मोठे मूळ काढावे आणि १ ला त्याने भागावे, की लहान मूळ व्यवस्थित मिळते. प्रकार तोच, यंत्र तेच. बदलली ती केवळ रीत.

आपण दिलेला १९९१ च्या पॅट्रियट क्षेपणास्त्राचा दाखला गंभीर आहे. सौदी अरेबियातील धहरान येथे ते चाल करून आलेले स्कड क्षेपणास्त्र अडवू शकले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. परंतु तिथे एक दशांश सेकंद २४ बिटांच्या फिक्स्ड पॉइंट (दशांश चिन्हाची जागा कायम ठेवणाऱ्या) रजिस्टरमध्ये छाटून ठेवला होता आणि सुमारे १०० तासांत घड्याळ ०.३४ सेकंदांनी चुकले. तो दाखला फ्लोटिंग पॉइंटविरुद्ध लागू पडत नाही.

आता तिसरा आक्षेप. वर म्हटल्याप्रमाणे दहा कोटींच्या आसपास शेजारच्या संख्यांतील अंतर ०.०००००००१५ आहे, म्हणजे तिथेच ते माझ्या मर्यादेहून मोठे होते आणि ती तुलना निव्वळ समानतेची तपासणी उरते. उलट मोजमापेच त्या मर्यादेहून लहान असतील, तर सगळी एकमेकांच्या बरोबरीची ठरतात. मर्यादा आकड्यांच्या आकारमानाच्या प्रमाणात घ्यावी आणि शून्यालगतच्या किमतींसाठी त्या कामाला साजेशी वेगळी निरपेक्ष मर्यादा ठेवावी, अशी दुरुस्ती मी लेखात केली आहे.