दोन अशोक आणि तुमची शंका

नमस्कार,

"पणजीपासून मडगावपर्यंत कुंपणाकुंपणाला अशोक उभे आहेत, आणि तुम्ही म्हणता अशोक धोक्यात! शिवाय नात्यागोत्याची नसलेली दोन झाडं शेजारी ठेवण्यात शास्त्र कुठलं?" दोन अशोकांची तुलना करणारा माझा लेख वाचून असं तुम्ही विचारलंय.

कुंपणाला दिसतो तो उंच, सरळसोट, लांब पानं खाली सोडलेला खोटा अशोक, म्हणजे आसुपालव. त्याची पानं आपण तोरणाला बांधतो. तो सीताफळाच्या कुळातला. सीतेचा अशोक, म्हणजे खरा अशोक, चिंचेच्या कुळातला. नातं नाहीच. पण नाव एक असल्यामुळे एकाची गर्दी पाहून दुसराही मुबलक आहे असं वाटतं, आणि तुमच्या प्रश्नातही नेमकं तेच झालंय. तुलना केली ती त्यासाठीच.

आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या, धोक्यातल्या जातींची नोंद ठेवणाऱ्या लाल यादीत सीतेचा अशोक 'असुरक्षित' आहे. ही नोंद १९९८ची. एवढी जुनी आहे हे मी लेखात सांगायला हवं होतं, ते राहिलं. आणि या यादीत हिशेब रानात आपसूक वाढणाऱ्या झाडांचा होतो. देवळाच्या आवारात हौसेनं लावलेला अशोक त्यात धरत नाहीत.

रानातला अशोक जातो तो मुख्यतः सालीपायी. अशोकारिष्ट या आयुर्वेदिक औषधाला ती लागते. दोन वर्षांपूर्वी सत्तरी तालुक्यात एका व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या काठी असं झाड पाहिलं. कमरेपासून हात पोचेल तिथवर चहूबाजूंनी सोललेलं. साल अशी गोल निघाली की पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही, झाड उभ्या उभ्या वाळतं. वर तांबूस कोवळी पालवी अजून लोंबत होती. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

खरी साल पुरत नाही म्हणून बाजारात तिच्यात आसुपालवाची साल मिसळतात. कुळं वेगळी असली तरी औषधाच्या पुडीत ही दोन झाडं एकत्र येतात, आणि घेणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

फेब्रुवारी-मार्चात फुललेला अशोक एकदा जवळून बघा. केशरी-लाल झुबके थेट जुन्या फांद्यांवर येतात. त्या फुलाला पाकळ्या नसतात, रंग असतो तो निदलांचा, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणाऱ्या दलांचा.

तुमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग असेल तर पाटाकडेच्या सावलीत दोन-चार झाडं जरूर लावा. लागवडीची साल मिळू लागली तर रानातल्या झाडांवरचा कोयता थोडा तरी थांबेल. फक्त बी साठवून ठेवू नका, वाळलं की ते रुजत नाही. शेंग फुटली की लगेच पेरा.