‘अंदाजपंचे’ म्हणणाऱ्या वाचकाला, जरा सविस्तर

तुमची कमेंट काल रात्री वाचली, सकाळी परत वाचली, म्हटलं जाऊ दे, पण राहवलं नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लेखात लिहिलं होतं की पर मिटून कोपऱ्यात तळाशी बसलेला किंवा काचेला नाक लावून वर-खाली येरझाऱ्या घालणारा मासा बहुतेक वेळा ताणात असतो. त्यावर यांचं म्हणणं, ‘पाण्याची टेस्ट न करता नुसतं बघून मासा स्ट्रेसमध्ये आहे म्हणणं हा निव्वळ अंदाजपंचे कारभार आहे. कॉर्टिसॉल मोजलंत का? आधी जरा अभ्यास करा, मग लोकांना शिकवा.’ (कॉर्टिसॉल म्हणजे ताणात अंगात वाढणारं हार्मोन.) खाली अजून चार मुद्दे आहेत, निऑन टेट्रा (निळ्या पट्टीचे छोटे मासे), काचेतलं प्रतिबिंब, अमोनिया आणि टँकचा आकार.

निऑनचं तुमचं बरोबर आहे. रात्री लाइट बंद असताना निऑन फिके पडतातच, त्यात आजार-बिजार काही नसतो, सकाळी लाइट लावला की थोड्या वेळात ती निळी पट्टी परत चमकायला लागते. ‘रंग उडाला म्हणजे ताण’ असं मी सरसकट लिहायला नको होतं, वाक्य दुरुस्त केलंय. चूक दाखवली की मी मान्य करतो, जुने वाचक सांगतील.

पण तो ‘जरा’ मला काही पचला नाही. मुद्दा मांडा, खोडा, भांडा हवं तर, पण ‘जरा अभ्यास करा’ हे कुणाला सांगताय? 19 वर्षं घरात टँक आहे माझ्या. पहिले सहा मासे पंधरा दिवसांत गेले, कारण फिल्टरमध्ये माशांची घाण पचवणारे बॅक्टेरिया तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, मी आपला टँक धुतला, पाणी भरलं, मासे सोडले आणि खुश. आधी त्या घाणीतून अमोनिया चढला, मग त्यापासून बनणारं नायट्राइट, दोन्ही माशांना विषारी. रोज सकाळी एक मासा जाळीने बाहेर काढायचा, हा माझा अभ्यासक्रम होता. (हो, नायट्राइट चढलंय हे टेस्ट किटनेच कळलं, पण किट आणलं कधी, तर चार मासे गेल्यावर. पृष्ठभागाशी तोंड आणून धापा टाकताना ते मला आधीच दिसत होते, मला वाचता येत नव्हतं एवढंच.)

आता कॉर्टिसॉल. ऐकायला भारी वाटतं, पण अहो, मोजायचं कसं? रक्त काढायचं तर मासा पकडायला हवा, आणि जाळीत धरलेल्या माशाचं कॉर्टिसॉल काही मिनिटांत चढायला लागतं, जरा वेळ लागला की तुम्ही मोजताय तो तुमच्याच जाळीचा ताण. म्हणून तर संशोधक ते पाण्यातूनही मोजतात, कारण ते कल्ल्यांमधून पाण्यात उतरतं. माशाला आपल्यासारखी वेगळी अ‍ॅड्रिनल ग्रंथी नसते, मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागातल्या पेशी ते काम करतात, हेही ठाऊक आहे मला, अभ्यास ‘जरा’ केलेला आहे. घरी टँक ठेवणाऱ्या माणसाकडे प्रयोगशाळा नसते हो, डोळे असतात. आणि हे कॉर्टिसॉल दिवसेंदिवस चढलेलं राहिलं की प्रतिकारशक्ती खाली येते आणि व्हाइट स्पॉटसारखं काहीतरी डोकं वर काढतं. ते पांढरे ठिपके दिसेपर्यंत परजीवी कातडीत शिरून बसलेला असतो, तिथे औषध त्याला लागत नाही, तो मासा सोडून तळाशी पडतो, फुटतो आणि त्याची पिल्लं नवा मासा शोधत पोहायला लागतात, तेव्हाच कुठे औषधाने मरतात. म्हणजे ठिपक्यांची वाट बघायची आणि मिटलेले पर दिसले तरी ‘अंदाजपंचे’ म्हणून सोडून द्यायचे, असं का?

एक गोष्ट सांगतो, मग ठरवा. माझ्याकडे दोन निळ्या गोरामी होत्या, दोन्ही नर, एक मोठा, एक जरा लहान. लहान काही दिवस फिल्टरच्या पाइपमागे उभा राहायला लागला. गोरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेते, तिला घ्यावीच लागते, तर हा वर यायचा तोही काचेच्या कडेने, अंग तिरकं करून, एक घोट घेतला की परत पाइपमागे. खायला टाकलं तरी बाहेर येत नव्हता. मी टेस्ट केली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट 10. तुमच्या हिशोबाने मासा मजेत! मग एकदा टँकसमोर स्टूल टाकून तासभर नुसता बसलो. मोठा गोरामी एकदाही चावला नाही, पाठलागसुद्धा केला नाही. लहान बाहेर निघाला की हा फक्त मधे येऊन आडवा उभा राहायचा, सगळे पर ताणून. बस, तेवढंच. परावर एक ओरखडा नाही, खवला निघालेला नाही. दुसऱ्या दिवशी लहानाला वेगळ्या टँकमध्ये हलवला, तिसऱ्या सकाळी तो स्वतःहून वर आला खायला. हे कुठल्या किटच्या बाटलीत दिसतं, सांगा ना मला.

आणि काचेवरच्या येरझाऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘तो फक्त स्वतःचं प्रतिबिंब बघत असतो.’ अहो, मग समोर एक अनोळखी मासा आहे, तो हटत नाही, पळत नाही, आपण फिरलो की तोही फिरतो, आणि हे दिवसभर चालू, हा ताण नाही तर काय आहे? व्यायाम? मागच्या बाजूला कागद लावा, खोलीपेक्षा टँकचा लाइट खूप जास्त नको, बऱ्याचदा थांबतं.

बाकी अमोनिया-अमोनियमचा फरक दिला नाही म्हणालात. पीएच 7 ला बहुतेक सगळं अमोनियमच असतं, 8 ला विषारी अमोनियाचं प्रमाण जवळपास दहापट होतं, किट दोन्ही मिळून आकडा दाखवतं. माहितीये. लेख त्यावर नव्हता. टँकच्या आकारावर मागेच लिहिलंय, शोधलंत तर सापडेल.

टेस्ट करू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही, परत वाचा. आणि तुमच्या टँकमध्ये सगळं इतकं व्यवस्थित असेल तर खाली फोटो टाका, आम्हालाही बघू दे. फक्त फ्लॅश बंद ठेवून काढा, मासे दचकतात.