‘तीन सेकंदांत ट्रेड घ्या’ या सल्ल्याला उत्तर

नागपुरातल्या शेअर ट्रेडिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाजारात चपळ माणूसच जिंकतो. सेटअप (सौदा घेण्याजोगी भावाची चाल) दिसला की तीन सेकंदांत बटण दाबा, रिॲक्शन टाइमचे गेम खेळून बोट तयार करा. फलंदाज चेंडू आल्यावर विचार करत नाही, तुम्हीही करू नका. हात अडखळला तर ती भीती समजा. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा वाढू नये म्हणून बाहेर पडायचा भाव, सिस्टिमला दाखवू नका, डोक्यात ठेवा. आणि रोज भरपूर सौदे करा, हात आपोआप बसेल. धरमपेठ, बर्डीच्या अभ्यासिकांत बसणारी, घरून येणाऱ्या पैशावर राहणारी पोरं हे मनापासून पाळू लागली आहेत, म्हणून लिहितो आहे.

आधी चपळाईचं बघू. डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत निरोगी तरुणाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. गेम खेळून त्यातले थोडे वाचले असं धरू. पण शर्यत कुणाशी आहे? मुंबईतल्या एनएसईने (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) 2010 पासून ब्रोकरांना आपल्याच आवारात सर्व्हर ठेवायची सोय दिली, तिला को-लोकेशन म्हणतात. नागपूर ते मुंबई अंतर 800 किलोमीटरच्या आसपास. फायबरमधून जायला प्रकाशालाच चारेक मिलिसेकंद लागतात, त्यावर आपलं वायफाय आणि ब्रोकरचं ॲप. तेवढ्या वेळात आवारातल्या मशीनची ऑर्डर पोचलेलीही असते. बाजार नियामक सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालात 2023-24 चे आकडे आहेत: एफ अँड ओमध्ये (फ्यूचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत) प्रोप्रायटरी ट्रेडर्सचा, म्हणजे स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या संस्थांचा, ढोबळ नफा 33,000 कोटी, परदेशी गुंतवणूकदारांचा 28,000 कोटी, आणि त्यातला 96-97 टक्के अल्गोमधून, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या सौद्यांतून, आलेला. त्याच अहवालानुसार 2021-22 पासूनच्या तीन वर्षांत 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. जिथे मशीनशी मिलिसेकंदांत स्पर्धा आहे, तिथे आपल्या पोरांना बोटाच्या वेगावर उतरवणं मला अन्यायाचं वाटतं.

फलंदाजाचा दाखला तर मुळातच चुकीचा आहे. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद घेतो, हे खरं. पण मायकेल लँड आणि पीटर मॅकलिऑड या संशोधकांनी 2000 साली फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली, तेव्हा दिसलं की फलंदाज पूर्ण वेळ चेंडूचा पाठलाग करत नाही. तो टप्पा कुठे पडणार हे ताडून नजर आधीच तिथे नेतो, आणि चांगला फलंदाज ती लवकर नेतो. म्हणजे ही करामत अंदाजाची आहे. तो अंदाज हजारो चेंडू खेळून येतो आणि चुकला की तिथल्या तिथे कळतं. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी 2009 मध्ये मांडलं होतं की जिथे घटनांना नियमितपणा असतो आणि चूक-बरोबर पटकन समजतं, तिथेच अंतःप्रेरणेवर भिस्त ठेवता येते. बाजारात चुकीच्या सौद्यालाही कधी नफा होतो आणि नियम पाळून घेतलेला सौदाही कधी तोट्यात जातो. पाच मिनिटांच्या कँडलवर (चार्टवरची तेवढ्या वेळातला भाव दाखवणारी पट्टी) घाईने कमावलेला नफा काय शिकवेल, याचा भरवसा नाही.

डोक्यातल्या स्टॉपलॉसचा सल्ला सगळ्यांत घातक. समजा, ऑप्शन (ठरलेल्या भावाला घ्यायचा किंवा विकायचा हक्क देणारा करार) 120 ला घेतला, 100 ला निघायचं ठरवलं. भाव 101, मग 99. आता मन म्हणतं, थोडं थांबू, वर येईल. 92 होतो. चपळ बोट इथे काही कामाचं नाही, कारण तोटा मान्य करायचा की नाही हेच ठरत नसतं. ज्याने सौदा घेताच स्टॉपलॉस ऑर्डर टाकली, त्याला या घडीला काही ठरवायचंच नसतं.

एक खाचखळगा मात्र सांगायला हवा. एनएसईवर ऑप्शनमध्ये स्टॉपलॉस-मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विकणारी) चालत नाही, लिमिट, म्हणजे कमीत कमी विक्रीचा भाव, द्यावी लागते. ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) 100 आणि लिमिट 99.50 ठेवली आणि भाव थेट 94 वर उतरला, तर ऑर्डर तशीच लटकते. म्हणून दोघांत पुरेसं अंतर ठेवा. 4 जून 2024 ला, निवडणूक निकालाच्या दिवशी, निफ्टी हा एनएसईचा निर्देशांक जवळपास 6 टक्के पडून बंद झाला. अशा दिवशी ऑर्डर लटकली दिसली की क्षणाचाही उशीर न करता भाव बदलून बाहेर पडायचं. इथे झटपट हात लागतो, आणि या एका जागी मी त्या मजकुराशी सहमत आहे.

हात अडखळणं म्हणजे दरवेळी भीती नसते. बहुतेकदा क्वांटिटी झेपणारी नसते, किंवा कुठे निघायचं हे ठरलेलंच नसतं. मी शिकाऊ पोरांना सांगतो, सव्वानऊला बाजार उघडण्याआधी वहीत लिहा: कोणत्या भावाला घेणार, कुठे निघणार, आज जास्तीत जास्त किती गेलं की ॲप बंद करणार. लिहिलेलं असलं की अडखळ बरीच कमी होते. एवढं करूनही हात थरथरत असेल तर लॉट (एकगठ्ठा घ्यावी लागणारी ठरावीक संख्या) कमी करा. एकाच लॉटला थरथरत असेल तर तो सौदा आपला नाही.

राहिलं ‘भरपूर सौदे म्हणजे सराव’. सेबीच्या जुलै 2024 च्या अभ्यासात, 2022-23 मध्ये शेअरच्या इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकण्याच्या) ट्रेडिंगमध्ये दहापैकी सात जण तोट्यात होते, आणि वर्षाला 500 पेक्षा जास्त सौदे करणाऱ्यांत हेच प्रमाण 80 टक्के. प्रत्येक सौद्याला ब्रोकरेज, कर, स्लिपेज (ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक). एफ अँड ओमध्ये 2023-24 साली माणशी सरासरी 26,000 रुपये नुसत्या खर्चात गेले. सराव हवाच असेल तर बाजार बंद झाल्यावर जुना चार्ट एकेक कँडल पुढे सरकवत बघा. प्रत्येक ठिकाणी घेणार की नाही, निघणार कुठे, हे लिहा आणि मगच पुढची कँडल उघडा. संध्याकाळच्या तासाभरात असे वीसेक निर्णय होतात, चूक लगेच दिसते आणि घरून आलेला पैसा खात्यातच राहतो.