‘पिल्लू घेताना या ७ गोष्टी बघा’ हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका

परवा रात्री साडेदहाला सांगलीहून मावसबहिणीचा फोन. "ताई, लॅब्रॅडॉरचं पिल्लू फायनल केलं, तीन हजार टोकन पण पाठवलं, गुरुवारी सकाळी पुण्याहून ट्रॅव्हल्सने येतंय." मी विचारलं, किती दिवसांचं आहे? म्हणाली, चौतीस. आई बघितलीस का त्याची? "नाही गं, आई बघायची नसते, तो मेसेज नाही का आला ग्रुपवर, त्यात सगळं दिलंय."

तो मेसेज मलाही तीन ठिकाणांहून आला होता आणि मी अर्धा वाचून सोडून दिला होता. तेव्हाच बोलायला हवं होतं. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: पिल्लू ३० ते ३५ दिवसांचंच घ्या म्हणजे लळा लागतो. केसीआयचा (केनेल क्लबचा, वंशावळीचा) कागद असला की डोळे झाकून घ्या. आई दाखवा म्हणून हट्ट करू नका, चांगला ब्रीडर आई दाखवतच नाही. मानेला धरून उचला, ओरडलं नाही तर जातिवंत. नखं मोजा, वीस असली की राखणीला चांगलं. डबल बोन नाहीतर पंच फेसच मागा. आणि घरपोच देतो तोच प्रोफेशनल ब्रीडर.

आता पहिला मुद्दा, कारण जीव जातात ते ह्याच्यामुळे.

पस्तीस दिवसांचं पिल्लू म्हणजे पाच आठवड्यांचं. दुधाचे दात अजून पूर्ण आलेले नसतात, आईचं दूध सुटत असतं. ह्या वयात ते भावंडांशी मारामारी करत असतं आणि ते नुसतं खेळणं नसतं. जोरात चावलं की समोरचं पिल्लू किंचाळतं आणि खेळ थांबतो, आईला चावलं की आई गुरकावते. किती जोरात चावायचं नाही हे त्याला तिथे कळतं, माणसाच्या घरात ते शिकवायला नंतर महिने जातात. मग सहा महिन्यांनी हेच लोक डॉक्टरांना विचारतात की कुत्रा मुलांना फार चावतो, काय करू.

पण चावणं परवडलं, खरी भीती पार्व्होची आहे, म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावणाऱ्या जीवघेण्या विषाणूची. पिल्लाला आईकडून आलेली प्रतिकारशक्ती साधारण सहाव्या आठवड्यापासून उतरायला लागते आणि लसीची अजून तयार झालेली नसते. नेमक्या ह्या उघड्या काळात तुम्ही त्याला आईपासून तोडता, दूध बंद करता, प्रवास घडवता, नवं खाणं देता. २०१९ मध्ये आम्ही हेच केलं. ‘पंचेचाळीस दिवसांची आहे, सगळे डोस झालेत’ असं सांगून एकाने आम्हाला एक मादी पिल्लू दिलं, ब्राउनी नाव ठेवलं होतं. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी रक्ताची जुलाब, तो वास घरात एकदा येऊन गेला की आयुष्यभर ओळखू येतो. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं की हे पाच आठवड्यांच्या वर नाही. चार दिवस सकाळ संध्याकाळ सलाईन लावलं, उपचाराच्या पाचव्या दिवशी पहाटे गेली. पार्व्होचा विषाणू शरीरात गेल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे ती बहुतेक आजार घेऊनच आली होती. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला तुम्ही काहीतरी चुकीचं खायला घातलं असेल.

आणि ‘सगळे डोस झालेत’ हे वाक्य ऐकलं की तिथूनच मागे फिरा. पाच आठवड्यांच्या पिल्लाचे सगळे डोस होऊच शकत नाहीत. पहिली लस साधारण सहा ते आठ आठवड्यांना, मग दर दोन ते चार आठवड्यांनी पुढची, आणि ही मालिका पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत चालते कारण आईची प्रतिकारशक्ती मध्येच लस निकामी करू शकते. रेबीजची लस तीन महिन्यांना. त्यामुळे चाळीस दिवसांच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजचा शिक्का दिसला तर एकतर वय खोटं आहे नाहीतर कार्ड. कार्डावर लसीच्या बाटलीचा स्टिकर हवा, बॅच नंबर हवा, डॉक्टरांची सही आणि रजिस्ट्रेशन नंबर हवा. पेनाने लिहिलेल्या तारखेला काही अर्थ नाही.

लळ्याचं म्हणाल तर त्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करते. साधारण बारा चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू माणसं, आवाज, गाड्या, लहान मुलं हे सगळं सहज स्वीकारतं, ते वय पिंजऱ्यात गेलं तर पुढे भित्रं होतं. म्हणून चार महिन्यांचं होईपर्यंत कोंडून ठेवलेलं पिल्लूही नको. पण त्यासाठी आठ आठवडे झाल्यावर आणलं तरी महिना दीड महिना वेळ हातात राहतो ना! पाचव्या आठवड्यात कशाला ओढून आणायचं? विकणाऱ्याला मात्र घाई असते. दूध सुटलं की खाण्याचा खर्च त्याच्यावर, लसीचा खर्च त्याच्यावर, आणि पिल्लू मोठं झालं की ते गोळ्यासारखं गोंडस रूप जातं, भाव पडतो.

हे माझं मत आहे म्हणून सोडून देऊ नका, हा कायदा आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा, त्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे वेगळे नियम काढले. त्यात स्पष्ट आहे की आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. बाजारात जो ‘पंचेचाळीस दिवस’ हा आकडा फिरतो तोही बसत नाही, पस्तीसचं तर सोडाच. त्याच नियमांत ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आहे, मादी दीड वर्षाची व्हायच्या आत मेटिंग करायचं नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेळा तिला व्यायला लावायचं नाही, आणि पाच वेळा किंवा वयाची आठ वर्षं झाली की थांबायचं. म्हणजे तुम्हाला विचारायचे प्रश्न सरकारनेच लिहून दिलेत: तुमचा नोंदणी क्रमांक काय, आईचं वय काय, तिची ही कितवी वेळ, मागची पिल्लं कधी झाली. ह्यातल्या एकालाही सरळ उत्तर आलं नाही, ‘मॅडम तुम्हाला पिल्लू घ्यायचंय की चौकशी करायची आहे’ असलं काही आलं, तर विषय तिथेच संपवा.

आता आई न बघण्याचा मुद्दा. हा वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण हा मेसेज ज्याने कोणी लिहिला त्याला आई का लपवायची हे पक्कं माहीत असणार. ह्यातही एक दाणा खरा आहे. पिल्लं अगदी लहान असताना, पहिले दोन तीन आठवडे, चांगला ब्रीडर बाहेरच्या माणसाला जवळ येऊ देत नाही, कारण चपलेला लागून पार्व्हो येऊ शकतो आणि नवी आई बिथरते सुद्धा. पण तो माणूस सांगतो की तीन आठवड्यांनी या, चपला बाहेर काढा, हात धुवा, लांबून बघा, व्हिडिओ कॉल करतो. ‘आई दुसऱ्या फार्मवर आहे’, ‘आई गावाला पाठवली’ असं तो सांगत नाही. पाच आठवड्यांची पिल्लं इथे आणि आई तिथे असेल तर समोरचा माणूस ब्रीडर नाहीये, दलाल आहे, चार ठिकाणची पिल्लं एका टोपलीत आणून विकतोय, आणि एकाला पार्व्हो असेल तर तो सगळ्यांत पसरायला किती वेळ लागणार.

आई दिसली की काय कळतं? ती माणसाजवळ येते की कोपऱ्यात दबून बसते ते कळतं. हाडं निघालीत का, अंगावर केस आहेत का, सड पार लोंबून गेलेत का, दर हीटला, म्हणजे दर माजाला, तिला व्यायला लावलंय का हे डोळ्यांना दिसतं. ती राहते ती जागा दिसते, तारेच्या जाळीवर उभी आहे की कोरड्या फरशीवर. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड ह्यांच्यात खुब्याच्या सांध्याचा आजार आईबापाकडून येतो, तेव्हा आई उठताना लंगडते का तेवढं तरी बघता येतं. आईबापाच्या खुब्याचे एक्सरे मागा, देणारे फार थोडे, पण जो देतो त्याच्याकडे दोन महिने थांबायची तयारी ठेवा.

केसीआयचा कागद. केनेल क्लब ऑफ इंडिया हा चेन्नईचा क्लब आहे, वंशावळीची नोंद ठेवतो, ते काम महत्त्वाचंच आहे. पण तो सरकारी परवाना नाही आणि पिल्लू निरोगी असल्याचा दाखला तर अजिबात नाही. ब्रीडर जी माहिती भरतो तिच्यावर नोंद उभी राहते. कागदावर मायक्रोचिपचा नंबर असतो, पंधरा आकडी, तो पिल्लाच्या अंगातल्या चिपशी स्कॅनरने जुळवून बघा, नुसता कागद हातात घेऊन घरी येऊ नका. आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे ‘विथ पेपर’ इतके आणि ‘विदाउट पेपर’ इतके असे दोन भाव सांगणारा, किंवा ‘कागद नंतर कुरिअर करतो’ म्हणणारा, दोघांपासूनही लांब राहा.

मानेला धरून उचलायची परीक्षा कुणी घेऊ नका हो, हात जोडून सांगते. आमच्या गावाकडेही जुनी माणसं हे करायची. न ओरडणारं पिल्लू दमदार असतं असं नाही, ते तापाने किंवा भुकेने गळून गेलेलं असू शकतं, आणि तुम्ही तेच शूर म्हणून घरी आणाल. त्यापेक्षा जमिनीवर बसा आणि टाळी वाजवा. येतं का, वास घेतं का, डोळे नाक कोरडे स्वच्छ आहेत का, शेपटीखाली घाण चिकटलीये का, पोट फुगून टम्म आहे का म्हणजे जंत, हे बघा.

वीस नखं म्हणजे मागच्या पायाला जास्तीचं एकेक नख, सर्वसाधारण कुत्र्याला अठरा असतात. त्याचा राखणीशी काही संबंध नाही, फक्त ते अडकून तुटतं. डबल बोन नावाचं हाड कुठल्याच कुत्र्यात नसतं, जाडजूड पिल्लाला जास्त भाव लावायला तो शब्द आहे. पंच फेस म्हणजे आत दाबलेलं नाक. २००३ च्या हच मोबाइल कंपनीच्या, मुलामागे पग फिरतो त्या जाहिरातीनंतर घरोघरी पग आले, ते आता आपल्या उन्हाळ्यात कसे घोरतात धापा टाकतात ते बघा आणि मग ठरवा की आणखी चपटं नाक पैसे जास्त देऊन मागायचं का.

राहिलं घरपोच. पाच आठवड्यांचा जीव खोक्यात घालून ट्रॅव्हल्सच्या डिकीत, रात्रभर, पाण्याशिवाय. सकाळी खोकं उघडल्यावर आत काय मिळेल त्याची जबाबदारी ना ड्रायव्हरची ना विकणाऱ्याची, पैसे तर आधीच गेलेले असतात.

बहिणीला मी एवढंच करायला लावलं की आईसोबतच्या पिल्लांचा व्हिडिओ कॉल माग. विकणाऱ्याने आधी एक फोटो पाठवला, त्यातली पिल्लं काळी होती आणि हिचं ठरलेलं पिल्लू पिवळं. मग म्हणाला आई फार्मवर आहे. मग म्हणाला दुसरी पार्टी तयार आहे, आज उरलेले पैसे टाका नाहीतर टोकन विसरा. ती विसरली टोकन. भाचा रात्रभर रडला, त्याचं मला वाईट वाटतं. कराडजवळ एकांची मादी तीन आठवड्यांपूर्वी व्यायलीये, त्यांनी स्वतःहून सांगितलं की आठ आठवड्यांच्या आत देणार नाही, आणि पुढच्या रविवारी चपला बाहेर काढून बघायला या. मी पण जातेय तिच्यासोबत.