शेजाऱ्याच्या चुलीची किल्ली

आपल्या जमिनीखाली वायू आहे आणि शेजाऱ्याकडे कडाक्याची थंडी? मग फौजफाटा कशाला? पाइप टाका. कसा, ते रशियाकडून शिका.

आधी स्वस्त द्या. इतकं, की जर्मनीसारख्या हिशेबी घरानेही दुसरी चूल मांडायचा नाद सोडावा. २०२१ पर्यंत निम्म्याच्या आसपास वायू त्यांनी एकाच दुकानातून भरला. जहाजातून एलएनजी, म्हणजे थंड करून द्रवरूप केलेला वायू, उतरवायला स्वतःचं एक टर्मिनलसुद्धा बांधलं नाही. असं गिऱ्हाईक नशिबानेच लाभतं.

वाटेत युक्रेन येतो, वाद घालतो. २००६ आणि २००९ साली त्याचा नळ बंद झाला, दोन्ही वेळा जानेवारीत. मुहूर्त लिहून घ्या. मग त्याला वळसा घालून बाल्टिकच्या तळातून १,२०० किलोमीटरचा नॉर्ड स्ट्रीम टाका. करार झाला तेव्हा जर्मनीचे चान्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, असलेल्या गेरहार्ड श्रोडर यांना पद सुटताच त्याच पाइपच्या कंपनीत मानाचं पान वाढा. कुणी याला लाच म्हणत नाही, सगळं कागदोपत्री चोख.

पण खरी कलाकुसर कोठारात. रेडेनचं भूमिगत कोठार म्हणजे वायूसाठ्याचं जर्मनीतलं सर्वांत मोठं पेव. २०१५ साली ते गाझप्रोम या रशियाच्या सरकारी वायू कंपनीच्या हाती आलं, तेही जर्मन कंपनीशी रीतसर अदलाबदल करून. २०२१ च्या हिवाळ्याच्या तोंडावर पेव जवळजवळ रिकामं! चोरी नाही, दरोडा नाही. फक्त भरलं नाही.

नळ बारीक करताना धमकी देऊ नये, मोटर वायंडिंगला गेलीय म्हणावं. सोसायटीतला पंपवालाही हेच सांगतो. २०२२ च्या उन्हाळ्यात कॅनडाला दुरुस्तीला गेलेल्या, पाइपमध्ये वायू ढकलणाऱ्या एका टर्बाइनच्या नावावर नॉर्ड स्ट्रीमचा पुरवठा घटत घटत २० टक्क्यांवर आला. शेवटी चान्सलर शोल्झ त्या टर्बाइनशेजारी उभे राहून म्हणाले, हे बघा, तयार आहे, न्या! यापेक्षा मोठा विजय कोणता?

फक्त किल्ली पुरती फिरवू नका. ती फिरली, आणि बर्लिनचा विमानतळ नऊ वर्षं रखडवणाऱ्या त्याच जर्मनांनी विल्हेल्म्सहाफेन बंदरात दहा महिन्यांत एलएनजीचं तरंगतं टर्मिनल उभं केलं. गाझप्रोमने २०२३ ला ६२९ अब्ज रुबलचा तोटा दाखवला. चीनला विकू म्हणाल, तर युरोपला वायू देणाऱ्या विहिरी तिकडच्या पाइपला जोडलेल्याच नाहीत. नवा पाइप हवा असेल तर बीजिंगच्या ओसरीवर जाऊन बसा. चहा मिळेल. भाव तेच सांगतील.