अंतर कोणापासून राखावे?

२०२२ च्या गुढीपाडव्याच्या सुमारास राज्यातले करोनाचे निर्बंध उठले, तेव्हापासून अनेक सज्जनांना प्रश्न पडला आहे की, एवढ्या कष्टाने अंगी बाणवलेल्या सामाजिक अंतराचे आता करायचे काय. त्यांच्या सोयीसाठी हे चार शब्द.

पहिली गोष्ट म्हणजे अंतर सरसकट राखू नये. बँकेच्या रांगेत पुढच्याच्या मानेला आपला श्वास लागेल इतके जवळ उभे राहण्यास पूर्वीप्रमाणेच हरकत नाही.

नातेवाइकांच्या बाबतीत मात्र साथीने दिलेली सवलत सोडू नये. लग्नाला पन्नास आणि अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, तेव्हा न जाण्याला नाइलाज म्हणत. आता त्यालाच कामाचा व्याप म्हणावे. गावी काका वारले, तर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहावे आणि पाच मिनिटांनी तिथेच कोणाच्या तरी वाढदिवसाला केकचे चित्र टाकावे. काकू तेरा दिवस दाराकडे पाहत बसतील, पण त्यांच्या वयाला विश्रांती चांगलीच.

फोन न करता कोणी घरी आलेच, तर दार साखळीपुरतेच उघडावे.

आता मुख्य मुद्दा, लिफ्टचा. २०२० साली बटणांशेजारी थर्माकोलचा तुकडा चिकटवून त्यात टूथपिक खोचून ठेवलेले असत आणि प्रत्येक जण एक टूथपिक उपसून, त्याने मजल्याचे बटण दाबून, ते डब्यात टाकत असे, हे आपल्याला आठवत असेल. थर्माकोल गेले, सॅनिटायझरचा पायाने दाबायचा स्टँड जिन्याखाली गंजला, पण ‘घरकाम करणाऱ्या महिलांनी लिफ्टचा वापर करू नये’ हा कागद तेवढा टिकला. प्रत्येक सोसायटीने तो प्राणपणाने जपावा. आमच्या सोसायटीने तर गेल्या आठवड्यात तो लॅमिनेट करून पुन्हा लावला. राज्यातले पहिले रुग्ण मार्च २०२० मध्ये पुण्यात सापडले, ते दुबईची सहल करून आले होते; म्हणजे हा विषाणू विमानाने आला, तरीही तो भांडी घासणाऱ्या बाईच्या पिशवीतून आला असे मानण्यास सभासदांना कोणतीही अडचण वाटत नाही. बंद लिफ्टमध्ये तो श्वासावाटे पसरतो आणि श्वास तर सगळेच घेतात. पण कुत्र्याला फिरवून आणणारे सभासद लिफ्टने वर जातात आणि साठीला टेकलेल्या, गुडघे धरून चढणाऱ्या मावशी सहाव्या मजल्यापर्यंत तीनदा थांबतात. मी हे बोलून दाखवले, तर सेक्रेटरी म्हणाले, “अहो, त्यांना सवय असते.”

सवय? त्यांना सवय आहे की तुम्हाला? त्याच हातांनी लाटलेल्या पोळ्या तुम्ही रोज खाता, तुमच्या नातवाला तेच हात न्हाऊ घालतात, तेव्हा हे अंतर कुठे जाते? टाळेबंदीत या बायकांना फाटकाबाहेर ठेवलेत, कित्येकांनी तर त्यांचा पगारही बंद केलात, आणि रोग ओसरल्यावर तोच नियम कायमचा करून टाकलात. ही सरळसरळ शिवाशिव आहे, तिला आरोग्याचे नाव देऊ नका. आणि ‘पुढच्या सभेत विषय घेऊ’ असेही सांगू नका. तो कागद लावताना सभा लागली नव्हती, काढतानाही लागणार नाही.